कोयत्यांचा मोर

आमच्या अंगणातला मोर बनवून झाला तेव्हा त्याचं वजन एकशे चौऱ्याऐंशी किलो होतं. हा आकडा अंदाजाचा नाही. त्याला लागलेला प्रत्येक तुकडा भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा आणि घरच्या काट्यावर एकदा, असा दोनदा तोलला होता. वेल्डिंगच्या रॉडचं वजनही धरलं होतं. मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आलेला माल तपासतो. मापात बसला तर आत, नाहीतर परत. घरी आल्यावरही हा स्वभाव सुटत नाही.

आमचं घर जळोचीत, मागे-पुढे अंगण आणि पत्र्याची एक शेड. लोखंडाचा नाद आधी बायकोला लागला. ती कन्हेरीची, शेतकऱ्याघरची. फाटकाची बिजागरी तुटली, वेल्डर आज येतो उद्या येतो म्हणत राहिला, तेव्हा तिने त्याचं मशीन भाड्याने आणलं आणि बिजागरी स्वतः चिकटवली. पहिला टाका कोंबडीच्या विष्ठेसारखा दिसत होता, पण धरला. मग मुलगी सासरी गेली आणि आमच्या रविवारांना काही काम उरलं नाही. आम्ही भंगारातून बगळा केला, मेंढा केला, एक म्हातारा केला. ती फरशीवर खडूने आकार काढायची, मी मापं घेऊन कापायचो, ती जोडायची. हात तिचा स्थिर. माझा थरथरतो.

भंगारात धडपणे मेलेली वस्तू येत नाही. ट्रॉलीचा वाकलेला आस, उलटलेल्या ट्रॅक्टरचं मडगार्ड, चुरडलेलं दार. सगळं मार खाऊन आलेलं. मोराचं पोट म्हणजे टँकरखाली गेलेल्या मोटरसायकलची टाकी आहे. तिच्या डाव्या अंगाला खोल पोचा होता. बायको म्हणाली, हा गुडघ्याचा आहे. मी म्हटलं, कशावरून. तिने साडी सावरून आपला गुडघा त्यात टेकवला. बरोबर बसला. आम्ही टाकी सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतली, काठोकाठ पाणी भरून ठेवूनच कापली, पण पोचा काढला नाही. ती नको म्हणाली.

मान पाइपची, वरून ट्रॅक्टरच्या जुन्या चेनचा वेढा. पंजे रोटाव्हेटरच्या पात्यांचे. पिसारा मात्र कोयत्यांचा. उसाचा हंगाम संपला की तोडणीवाले झिजलेले कोयते भंगारात टाकून जातात. नवा कोयता आणि झिजलेला कोयता यांच्या वजनात जवळजवळ निम्म्याचा फरक असतो, आणि प्रत्येकाची झीज वेगळी. एक तर डावखुऱ्याचा होता, उलट्या बाजूने खाल्लेला. एक्केचाळीस कोयते आम्ही निवडून आणले. ते वेल्ड केले नाहीत. प्रत्येकाची मूठ लोखंडी कड्यात बसवली आणि कडं बोल्टने आवळलं, कारण दरवर्षी काढून गंज घासायचा होता.

हे घासणं खंडेनवमीला व्हायचं. बायकोच्या माहेरी त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, पहारी, कोयते घासून, धार लावून पूजेला मांडतात. बोथट हत्यार देवापुढे ठेवणं म्हणजे उष्टं ताट ठेवणं, असं तिची आई म्हणायची. म्हणून पिसाऱ्याच्या कोयत्यांनाही ती धार लावायची. मी एकदा म्हटलं होतं, शोभेच्या वस्तूला धार कशाला. ती म्हणाली, "हत्यार हाय ते. तुमी त्याला शोभा म्हणा."

त्यांच्याकडे आणखी एक नियम. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. त्या वर्षी तिने धार लावलेले कोयते मी पुन्हा कड्यात बसवले आणि बोल्ट आवळायला पाना शोधू लागलो, तर पाना पूजेत. हळद-कुंकू लागलेला, वर झेंडूचं फूल.

"आता उद्या आवळा," ती म्हणाली.

मी एक्केचाळीस बोल्ट बोटांनी फिरवून जेवढे बसतील तेवढे बसवले. कोयते हलत नव्हते. ओढले असते तर निघाले असते.

आमच्या भिंतीला भिंत लावून दोन भाऊ राहतात. थोरला चाळिशीचा, कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. धाकटा त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, कधी गवंड्याच्या हाताखाली, कधी घरी. बापाच्या माघारी घराच्या वाटण्या झाल्या, बोअर एकच राहिली. तिच्या पाण्यावरून त्यांच्यात रोज वाजायचं. आम्हाला भिंतीतून ऐकू यायचं: आधी शिव्या, मग भांडं, मग बायकांचा आवाज. एकदा धाकट्याचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. फडताळातले डबे हलले. बायकोने पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला, आणि बाहेर जाऊन नुसती उभी राहिली. तिला पाहून ते आत गेले.

दसऱ्याच्या दुपारी फाटक उघडं होतं. सोनं द्यायला लोक येत होते. थोरला आला, मला आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. मागोमाग धाकटा आला. तोंडाला वास होता.

"लोकांना सोनं वाटत फिरतोय," तो म्हणाला. "घरात पाणी द्यायला हात लुळं पडत्यात."

"सणाचं गप बस," थोरला म्हणाला.

"मोटर बापाची हाय. तुझ्या सासऱ्यानं न्हाय बसवली."

"जाळली कुणी ती मोटर? चालू ठेवून झोपतो कोण?"

"तू मला हिशोब इचारणार? तू?"

थोरल्याने त्याच्या कानाखाली मारली. हातात आपट्याची पानं होती, ती हवेत उडाली. धाकटा मागे कोलमडला आणि पिसाऱ्याच्या बुडाशी आदळला. उठताना त्याचा हात एका मुठीवर पडला. कोयता कड्यातून निघाला. ओढताना त्याला जोर लावावा लागला नसेल.

पहिला वार हवेत गेला. दुसऱ्याला थोरल्याने उजवा हात आडवा धरला. आदल्या दिवशी लावलेली धार. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फरशीवर पडलं, मधलं कातड्याला लोंबत राहिलं. आवाज उसाच्या कांड्यासारखा झाला. रक्त लगेच आलं नाही. आधी पांढरं दिसलं, मग आलं, आणि इतकं आलं की फरशीवरचा बायकोचा खडूचा आकार पुसून गेला. धाकटा क्षणभर नुसता बघत उभा होता. मला वाटलं, थांबला. तेवढ्यात त्याने खांद्यावर तिसरा वार घातला.

मी त्याला मागून कवळा घातला. त्याने कोपर मारलं, माझा खालचा दात तुटला. बायकोने हत्यार शोधलं असणार, पण पहार, हातोडा, कानस, सगळं पूजेत होतं. तिच्या हाताला स्टीलची परात लागली. ती तिने कडेच्या बाजूने त्याच्या मनगटावर हाणली. कोयता पडला. तिने त्यावर पाय ठेवला आणि परात पुन्हा उचलली.

"हल," ती म्हणाली, "हलून बघ."

तो हलला नाही. खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

थोरल्याची बोटं मी पिशवीत घातली, पिशवी बर्फात घातली. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिली आणि जमणार नाही म्हणाले. मधलं बोट वाचलं पण वळत नाही. खांद्याला सतरा टाके.

पोलीस आले. पंचनाम्यात कोयत्याच्या पात्याची लांबी चुकीची लिहिली होती, ती मी मोजून दुरुस्त करायला लावली. हवालदार माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. धाकट्याला घेऊन गेले. कोयताही गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोने ग्राइंडर लावला. उरलेल्या चाळीस कोयत्यांची धार तिने अशी उतरवली की कडेला तीन मिलिमीटरची सपाट पट्टी राहिली. मग कडी काढून सगळे कोयते वेल्ड केले. ठिणग्यांनी तिच्या हातावर फोड आले, ते तिने फोडले आणि काम चालू ठेवलं.

मी म्हटलं, "मोर कापून टाकू. भंगारात घालू."

"कापून काय हुईल?"

"शेजारच्यांना रोज दिसतो तो. थोरल्याच्या खिडकीसमोर."

"त्याची बोटं दिसत न्हाईत व्हय त्याला? ती कुठं घालणार भंगारात?"

आम्ही दोघं या विषयावर बरेच दिवस भांडलो. आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण ते. मी आवाज चढवला, तिने ताट आपटलं.

ते भांडण थोरल्याने मिटवलं. जखमा भरल्यावर तो एका सकाळी आमच्या फाटकात आला. दाढी वाढलेली, उजवा हात फडक्यात. ट्रॅक्टरची नोकरी गेली होती.

"काकी, घण द्या," तो म्हणाला.

मी उठलो. मला वाटलं, आता हा कुणाच्या तरी डोक्यात घालणार. बायकोने शेडमधून पाच किलोचा घण आणला आणि त्याच्या डाव्या हातात दिला. तो मोरासमोर गेला आणि घण फिरवला. डाव्या हाताची सवय नव्हती. घण टाकीला निसटता लागला आणि त्याच्याच नडगीवर आला. त्याने आईवरून शिवी दिली, आणि पुन्हा उचलला.

मी पुढे झालो, तिने मला हाताने अडवलं.

"मारू दे."

"एक वर्ष लागलंय तुला त्याला."

"म्हणूनच म्हणते. मारू दे."

तो मारत राहिला. बहुतेक घाव वाया गेले. मग ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "असं नगं. मानेखाली मार. तितं माझा टाका कच्चा हाय."

मला हे ठाऊक नव्हतं. मी तो टाका तपासला होता, वरून अगदी सरळ होता. थोरल्याने दोन घाव तिथे घातले आणि मान चेनसकट खाली आली. आतून टाका पोकळ, काजळीसारखा काळा. माल परत पाठवावा असा. थोरला धापा टाकत फरशीवर बसला. तिने त्याला पाणी दिलं. ते पिऊन तो म्हणाला:

"तो जामिनावर सुटू दे. मी त्याचा हात घेणार हाय. मनगटापासनं."

ओरडून म्हणाला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. पाणी मागावं तसं म्हणाला. तांब्या खाली ठेवला आणि घरी गेला.

त्या दिवशी बायकोने मान पुन्हा जोडली. आधीचा टाका घासून काढला, खोल खाच पाडली, तीन थर भरले. मी विचारलं, "कशाला? उद्या परत मोडील."

"मोडू दे."

तो परत आला. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा-चारदा. तो येऊन मारायचा, मोडायचा, जायचा. आम्ही दोघं संध्याकाळी बसून दुरुस्त करायचो. पूर्वी आम्ही नवीन काहीतरी करायचो, आता एकच मोर पुन्हा पुन्हा. वाकलेलं सरळ करायचं, फाटलेलं शिवायचं, चेपलेलं आतून ठोकून काढायचं. कोयत्यांची पाती गुंडाळल्यासारखी व्हायची. शेडमधल्या भट्टीत लाल करून ती पुन्हा सरळ करायची. मी प्रत्येक मोडलेला जोड पाहायचो: टाका तुटला की शेजारचं लोखंड फाटलं. सुरुवातीला टाके तुटायचे. नंतर नंतर लोखंड फाटू लागलं. म्हणजे तिचं काम सुधारत होतं.

एक दिवस भिंतीवरून थोरल्याची बायको म्हणाली, "काकी, आज आलं हुतं का ते?"

"आलं हुतं. पाय वाकवला."

"मग बरं. मोराला हाणून आलं की घरात कुणाला हाणत न्हाईत. मधी तुमी इंदापूरला गेला हुता ना लग्नाला, त्या दिवशी मला कळशी फेकून मारली. हितं बघा." तिने कपाळ दाखवलं. काळं-निळं होतं. "तुमी गावाला जाताना फाटक उघडं ठेवून जावा."

बायकोने फाटकाची एक किल्ली तिला दिली.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. थोरल्याचा डावा हात सुधारत होता. पहिल्या महिन्यात दहा घावांत तीन जागेवर बसायचे. उन्हाळ्यापर्यंत दहातले नऊ. दंड भरला होता. घण आता नडगीवर येत नव्हता.

"आपण त्याला शिकवतोय," मी बायकोला म्हटलं. "धाकटा सुटून आला की हाच हात त्याच्यावर पडणार. नेमका पडणार."

तिने वेल्डिंगची काळी काच कपाळावर सरकवली. "मला कळत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "पण मग काय करू? दार लावून घेऊ? दार लावलं की मोर वाचल. तो न्हाय वाचायचा."

"तो कोण?"

"दोघातला कोण बी."

मी रॉडचा पुडा फोडून तिच्या हाताशी ठेवला.

धाकट्याचा जामीन झाला ती बातमी आम्हाला थोरल्याच्या बायकोनेच भिंतीवरून सांगितली. तिचा आवाज बसला होता. थोरल्याने सकाळपासून भाकरीला हात लावला नव्हता, तो ओट्यावर बसून डावा हात उघड-मिट करत होता.

मी कामावर गेलो नाही. फाटक लावावं का, यावरून आमचं पुन्हा झालं. तिने ते सताड उघडं ठेवलं.

दुपारी मोटरसायकलचा आवाज आला. धाकटा कुणाच्या तरी मागे बसून आला, उतरला, मोटरसायकल निघून गेली. तो रस्त्यातच उभा राहिला. वाळला होता. केस बारीक कापलेले. घरात जायला त्याला थोरल्याच्या दारावरून जावं लागणार होतं, आणि थोरला त्याच वेळी आमच्या अंगणात शिरला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ शेडमध्ये गेला, घण उचलला, आणि मोराकडे न जाता फाटकाकडे वळला.

बायको फाटकात उभी राहिली. दोन्ही हात दोन्ही खांबांवर.

"काकी, बाजूला व्हा."

"घण माझा हाय," ती म्हणाली. "माझा घण माझ्या अंगणात चालतो. भायेर न्यायचा न्हाय."

"काकी, मी तुमाला काय करणार न्हाय. बाजूला व्हा."

"तुझ्याकडं कोयता असंल, कुऱ्हाड असंल, ती आण घरनं. हा न्हाय न्यायचा. हा खाली ठेव, न्हायतर तितं मार." तिने हनुवटीने मोर दाखवला.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पाच किलोचा घण डाव्या हातात, दंडाची शीर तटतटलेली. घाव किती अंतरावर बसेल ते मला माहीत होतं. त्या अंतराच्या आत आम्ही दोघंही होतो. तिच्या खांद्यावरून मला रस्त्यात धाकटा दिसत होता. तो पळाला नाही. पळाला असता तर थोरला मागे लागला असता, असं मला अजून वाटतं.

थोरल्याने घण वर नेला. माझ्या बायकोने डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

घाव टाकीवर बसल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तेव्हा तो मोरापाशी होता आणि दुसरा घाव घालत होता. तसा मार मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. मग त्याने मोराचे पाय धरले. पाय वाकले, मोर एका अंगावर आला, तसा त्याने पिसारा धरला. कोयते एकेक करून उडाले, एक पत्र्याला भोक पाडून शेडमध्ये गेला. गुडघ्याचा पोचा असलेली टाकी कागदासारखी चेपली. त्याच्या तोंडातून प्रत्येक घावाला शब्द निघत होता, आणि प्रत्येक शब्द भावाला उद्देशून होता. नाव घेऊन, आईवरून, बापावरून, पाण्यावरून, बोटांवरून. फडकं सुटलं. तीन बोटांचा हात त्याने घणाच्या दांड्याला लावला आणि दोन्ही हातांनी मारू लागला. जुनी जखम फाटली. दांडा लाल झाला.

धाकटा रस्त्यातून हे सगळं बघत होता. तो फाटकापर्यंत आला. बायकोने हात खांबावरून काढले नाहीत. त्याला आतही येऊ दिलं नाही.

"काकी," तो हळू म्हणाला, "झालं का त्याचं?"

"न्हाय," ती म्हणाली. "तू घरात जा. दार लावून घे. पळत जाऊ नगंस, चालत जा."

तो चालत गेला. कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा थोरला थांबला. मोर उरला नव्हता. पंजे फरशीला धरून होते, बाकी सगळं पसरलं होतं. थोरल्याने घण बायकोच्या पायाशी आणून ठेवला. त्याला धाप लागली होती.

"उद्या," तो म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "उद्या उभा पायजे."

"आसंल," ती म्हणाली.

तो गेला. तिने फाटक लोटलं आणि तिथेच खाली बसली. मी दांड्यावरचं रक्त पुसलं, तुकडे गोळा केले, मशीनची केबल ओढून आणली आणि वजनाचा काटा बाहेर काढला. पाय कुठे फाटलेत ते पाहिलं. सगळे टाके शाबूत होते, लोखंड फाटलं होतं.

मी म्हटलं, "पायाला सहा मिलिमीटरची पट्टी घेऊ."

ती उठली, हातमोजे चढवले.

"आठची घ्या," ती म्हणाली.